पाण्याकडची बाजू

१

सकाळी धक्क्याशी गाडी थांबली की कुराता-सान उतरायचे, काठीची घडी करून बायकोच्या हातात द्यायचे आणि फुसाएला म्हणायचे, "वहिनी, उशीर केलात. पहिली बस चुकली तुमची."

"बस माझ्याशिवाय सुटेल कशी? ड्रायव्हर मी."

"म्हणूनच तर उशीर."

हे रोजचं होतं. एखाद्या दिवशी ते बोलले नाहीत तर फुसाएला चुकल्यासारखं व्हायचं. तिची सगळी नोकरी सरोवराकाठच्या गावांतून बस चालवण्यात गेली होती आणि कुराता-साननी डोळे शाबूत होते तोवर ट्रक चालवला होता. आधी त्यांना आरशातली मागची गाडी दिसेनाशी झाली, मग आरसा. ही गोष्ट ते विनोदासारखी सांगायचे आणि लोकांना हसावं की नाही ते कळायचं नाही. फुसाए मात्र खुशाल हसायची. ट्रकवाल्यांना आरशात बघायची सवय होतीच कुठे, म्हणायची.

आंधळ्या माणसाला धावायचं तर शेजारी डोळस सोबती लागतो. दोघांच्या मध्ये दोरीचं एक कडं असतं. त्याच्या एका बाजूला एकाची बोटं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. सोबती बोलत राहतो. पुढे वळण आहे, इथे मुळं वर आली आहेत, आता लाकडी पूल. फुसाएला हे काम सोपं गेलं. बसमध्ये जन्मभर थांबेच पुकारले होते.

नियम मात्र तिच्या नवऱ्याचे होते. सेइगो बारा महिने कुराता-सानचा सोबती असायचा आणि या बाबतीत तो शाळामास्तराहून कडक होता. दोरी ओढायची नाही. काही झालं तरी नाही. दोरी सांगण्यासाठी असते, ओढतात ते गुरांना. शेवटचा खांब आधी धावणाऱ्यानं शिवायचा, सोबत्यानं एक पाऊल मागे राहायचं. आणि पाण्याकडची बाजू नेहमी सोबत्याची.

त्यांचा रस्ता धक्क्यापासून सरोवराच्या कडेनं निघायचा, मग कालव्याच्या दरवाजापाशी वळून कालव्याकाठानं, चेरीच्या झाडांखालून, थेट बोगद्याच्या तोंडापर्यंत. तिथे कालवा डोंगराच्या पोटात शिरतो आणि क्योतोकडे जातो. माणसांना तिथून मागे फिरावं लागतं. जाताना पाणी उजवीकडे, येताना डावीकडे. म्हणून बोगद्यापाशी सोबत्यानं धावणाऱ्याच्या मागून फिरून बाजू बदलायची, दोरी दुसऱ्या हातात घ्यायची आणि सांगायचं, "पाण्याकडे मी आहे." धावणाऱ्यानं "बरं" म्हणायचं. मग निघायचं.

सेइगो गेला तो अंथरुणातच, पोटाच्या दुखण्यानं, साधेपणानं. जायच्या आधी त्यानं पैशाअडक्याचं काही सांगितलं नाही. "कुराताला एकटा पाडू नकोस" एवढंच म्हणाला. फुसाएला तेव्हा राग आला होता. आपल्याविषयी काहीच बोलला नाही म्हणून. तरी चाळीस दिवस व्हायच्या आत तिनं बूट विकत आणले.

पुढच्या वर्षी शरद ऋतूत तिचा उजवा खांदा धरला. इतका की केस विंचरायचे तर मान खाली घालून कंगव्यापाशी न्यावी लागे. येताना दोरी उजव्या हातात धरणं जमेना. तिनं कुराता-सानना सांगून टाकलं, "थोडे दिवस येतानाही मी उजवीकडेच राहते. पाण्याकडे तुम्ही याल. कठडा आहे तसा. चालेल?"

"न चालायला काय झालं? मला दोन्हीकडे सारखंच दिसतं," ते म्हणाले.

सेइगो असता तर त्यानं हे चालू दिलं नसतं.

२

थंडी पडली. चेरीची पानं गळून कालव्यात वाहत बोगद्यात जाऊ लागली. बोगद्याच्या तोंडाशी बाराही महिने गार हवा येते, पण फुसाएला तिथे नेहमी खटकायचं ते वेगळंच होतं. तिथे आवाज घुमत नाही. एवढं मोठं दगडी तोंड, पण हाक मारली तर परत काही येत नाही. पाण्याबरोबर आवाजही आत निघून जातो.

एका सकाळी दोघं तिथे दम खायला थांबली. बाजू बदलायची नव्हती, तेव्हा फुसाएला काही म्हणायचंही नव्हतं. ती नुसती उभी राहून नाक पुसत होती.

"बरं," कुराता-सान म्हणाले आणि निघाले.

तिनं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही ते "बरं" म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तोंड मिटून ठेवलं, श्वासही जपून घेतला. ते मान किंचित डावीकडे, कठड्याकडे कलवून उभे होते. रांगेत आपला नंबर पुकारला जाईल म्हणून कान देऊन उभा असतो माणूस, तसे.

"बरं," ते म्हणाले.

"काय बरं?"

"अं?"

"बरं कुणाला म्हणालात?"

"तुम्हालाच. तुम्ही म्हणालात ना, ते आपलं..." ते थांबले. मग हसले. "सवय हो. जुनी सवय. ट्रक विकला तरी पाय ब्रेक शोधतो."

तिलाही ते पटलं. सवयच असणार. इतकी वर्षं त्या जागी एकच वाक्य ऐकलेला माणूस, वाक्य नसलं तरी उत्तर देणारच. नोकरी सुटल्यावर ती स्वतः कितीतरी दिवस लाल दिवा दिसला की पायी चालतानाही थांबायची.

परतीच्या वाटेवर ती पुलाविषयी, मुळांविषयी, बर्फाळ डबक्याविषयी नेहमीसारखी बोलत राहिली. मध्येच तिच्या ध्यानात आलं की आपण आज जरा मोठ्यानं बोलतो आहोत. तिनं आवाज खाली आणला.

३

मोकळा हात धावताना मोकळाच हलतो. बोटं सैल असतात. दोरीचा हात तसा नसतो. तो कमरेशी थोडा दुमडलेला, मूठ अर्धी मिटलेली, आणि त्याला दुसऱ्याच्या हाताशी जुळवून घ्यावं लागतं. हे ज्यानं दोरी धरली आहे त्याला लांबूनही ओळखू येतं.

जानेवारीत फुसाएला दिसलं की येताना कुराता-सानचा डावा हात दोरीच्या हातासारखा चालतो आहे.

जाताना नाही. जाताना तो हात नुसता लोंबकळायचा. बोगदा सोडला की हळूहळू कमरेशी यायचा, बोटं मिटायची आणि ती मूठ हलू लागायची. तीही कुराता-सानच्या चालीवर नाही. त्यांची चाल घड्याळासारखी. मुठीच्या हलण्यात मात्र दर वेळी एक बारीकसा अडखळा होता. एक ठोका वेळेवर, दुसरा किंचित उशिरा.

सेइगोचा डावा गुडघा तरुणपणी दुखावला होता. तो असाच धावायचा, एक पाऊल वेळेवर, दुसरं किंचित उशिरा. घराच्या जिन्यावरसुद्धा तो असाच चढायचा. तिनं ते पाऊल स्वयंपाकघरातून हजारदा ऐकलेलं होतं.

थंडीनं हात आखडला असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण मग समोरून येणारे लोक. आंधळ्याची जोडी दिसली की समोरचा माणूस मोकळ्या बाजूनं, म्हणजे कुराता-सानच्या डावीकडून जातो. तिथे चांगली ऐसपैस जागा असते. हल्ली सगळे तिच्या बाजूनं येऊ लागले. गवतावरून, चेरीच्या खोडांना अंग घासत. एकदा एक कॉलेजातली पोरगी तिच्यावर जवळजवळ आदळली.

"अगं, एवढा रस्ता आहे ना तिकडे!" फुसाए खेकसली.

"सॉरी हं काकू," पोरगी पळता पळता म्हणाली, "तिकडे जागा नव्हती."

कुराता-सान काही बोलले नाहीत. खरं तर अशा वेळी त्यांनी बोलायला हवं होतं. बसवाल्यांना रस्ता कधीच पुरत नाही, असं काहीतरी.

धक्क्यावर मिचियो, कुराता-सानची बायको, भाजक्या चहाचा थर्मास घेऊन उभी होती. ही बाई हसतमुख, पण नवरा खांबाला हात लावेपर्यंत तिच्या कपाळावरची आठी जात नसे. "आणलात का माझा माणूस धडपणे?" ती रोज विचारायची. "देऊ नका बरं सरोवराला. अजून हप्ते आहेत त्याच्यावर."

"घ्या, पोच घ्या," फुसाए म्हणाली. हसली देखील.

४

घरी सेइगोचा फोटो असलेला छोटा देव्हारा होता. रोज पहिल्या वाफेचा भात आणि चहा आधी त्याला, मग स्वतःला. त्या दिवशी फुसाए त्याच्यासमोर बराच वेळ बसून राहिली.

"तूच आहेस का रे?" तिनं विचारलं.

भाताची वाफ निवत गेली. बाहेर शेजारीण कचरा ठेवायला आली आणि गेली.

आपलं डोकं ठिकाणावर आहे हे तिला ठाऊक होतं. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या बायकांवर तिनं बसमध्ये आरशातून कितीदा डोळे वटारले होते. पण डोकं एक सांगत होतं आणि तिचा जीव दुसरं. सेइगो आला असेल तर तो आपल्याकडे आला नव्हता, कुराताकडे आला होता. त्याच्या बाजूला. ती बाजू रिकामी राहिली म्हणून आला होता. आणि तिनं ती पुन्हा भरली, तर जाईल.

खांदा कधीच बरा झाला होता. डॉक्टरांनी हात वर करून पाहिला आणि म्हणाले, बस पुन्हा चालवा हवी तर. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुराता-साननी विचारलं तेव्हा म्हणाली, "छे, अजून ठणकतो." इतकं सहज खोटं आपण बोलू शकतो याचं तिलाच नवल वाटलं. आंधळ्या माणसाशी सोबत्यानं खोटं बोलायचं नसतं, हा नियम सेइगोनंही कधी सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती.

देव्हाऱ्याच्या खणात सेइगोची जुनी दोरी होती. लाल, धुऊन धुऊन फिकी झालेली, गाठ त्यानंच मारलेली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती खिशात घालून फुसाए धक्क्यावर गेली.

"डावा हात मोकळा सोडलात की तुमचा खांदा झुकतो," ती कुराता-सानना म्हणाली. "हे धरा हातात."

त्यांनी दोरी चाचपली. अंगठा गाठीवर आला आणि तिथेच थांबला. सेइगोची गाठ त्यांना ठाऊक नसेल असं कसं होईल?

"घरात पडली होती," ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले. बोटं त्यात घातली आणि निघाले.

जाताना त्या दोरीचं मोकळं टोक त्यांच्या मांडीवर आपटत होतं. चट, चट, चट. सरोवराच्या कडेनं, कालव्याच्या दरवाजापाशी, चेरीखालून, सगळ्या वाटेवर तेवढाच आवाज. बोगद्यापाशी दम खाल्ला. ते "बरं" म्हणाले. परत फिरले.

परतताना चटचट नव्हती.

फुसाएनं पुलापर्यंत तिकडे पाहिलं नाही. पुढे पूल आहे, म्हणाली. पूल संपला, म्हणाली. मग मान वळवली. कुराता-सानच्या छातीपलीकडे, त्यांच्या डाव्या मुठीतून निघून लाल दोरी पाण्याच्या बाजूला आडवी गेली होती. लोंबत नव्हती. पोकळीत जिथे संपत होती तिथे ती तेवढ्याच उंचीवर खालीवर होत होती, एक ठोका वेळेवर, दुसरा किंचित उशिरा.

तिला भीती वाटायला हवी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती धावत राहिली. नवरा गेल्यापासून इतकी सुखी ती कधी झाली नव्हती.

"वहिनी, रडताय?" कुराता-साननी विचारलं.

"वारा आहे."

"हं," ते म्हणाले. त्या सकाळी वारा नव्हता.

५

पुढचे दिवस चांगले गेले. तिला भूक लागू लागली. तिनं सेइगोच्या आवडीची मुळ्याची भाजी शिजवली. मिचियो म्हणाली, "वहिनी, तुकतुकी आली हो तोंडावर. कुणी भेटलं की काय?" आणि दोघी हसल्या. कुराता-सान मात्र चहा पिताना डाव्या हाताचं मनगट चोळत राहिले.

मार्च लागला. कळ्या फुगल्या होत्या, हवा ओलसर, उबदार. पाण्यावर धुकं होतं, फार नाही. परतीच्या वाटेवर कुराता-सान डावीकडे सरकत होते. दोनतीन दिवस हे चाललं होतं. ती "उजवीकडे" म्हणायची, ते यायचे, पुन्हा सरकायचे. त्या दिवशी त्यांचा डावा बूट फरसबंदी सोडून कठड्याच्या कडेच्या मातीत पडू लागला.

"उजवीकडे या. उजवीकडे, कुराता-सान."

"येतोय," ते म्हणाले. "वहिनी, एक विचारू का?"

"विचारा."

"सेइगोनं मला कधी ओढलं होतं?"

"नाही. कधीच नाही."

"नाहीच. एकदा सायकल अंगावर आली होती बघा, इथेच. ओरडला गाढवासारखा, पण ओढलं नाही." ते शांतपणे, धावतानाच्या तुटक श्वासात बोलत होते. "तुम्हाला वाटलं तो आहे. मलाही वाटलं होतं. आधी तर मलाच वाटलं. तुम्ही दोरी आणलीत तेव्हा म्हटलं, असू दे, वहिनींना बरं वाटतंय. मी कशाला तोंड उघडू?"

"मग?"

"हा ओढतो हो."

"केव्हापासून?"

"दोरी दिलीत तेव्हापासून. आधी नव्हता ओढत. आधी अगदी सेइगोसारखाच होता."

पुढे जुन्या होड्यांच्या पायऱ्या होत्या. पूर्वी तिथे माल उतरवत. तेवढ्या जागी कठडा नाही. चार हाताची फट, आणि पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. रोज तिथे आल्यावर ती "पायऱ्या, उजवीकडे धरा" असं सांगायची. ती फट आता समोर दिसत होती.

"सोडा ती," फुसाए म्हणाली. "दोरी सोडा."

"केव्हाच सोडली."

तिनं पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं सताड उघडी होती. दोरीचं कडं बोटांवरून मनगटावर चढलं होतं आणि हात खांद्यापासून ताणून पाण्याकडे, जरासा पुढे, गेला होता. दोरी तारेसारखी ताठ होती. आता तिला अडखळा नव्हता. ठोकाच नव्हता.

"थांबा!" ती ओरडली.

"थांबतोय," ते म्हणाले, पण पाय थांबत नव्हते. हात पुढे गेला की माणसाला जावंच लागतं.

सगळे नियम बाजूला ठेवून तिनं आपली दोरी ओढली. दोन्ही पाय रोवून, मागे रेलून ओढली. भरलेली बस उतारावर धरताना ब्रेकखाली जे ओझं जाणवतं ते त्या दोरीत होतं. कुराता-सान सडपातळ माणूस. एवढं वजन त्यांचं नव्हतं. ते दोघांच्या मध्ये ताणले गेले आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एक बारीक, लहान मुलासारखा आवाज निघाला.

ओढून हे सुटणार नाही, हे तिला त्या आवाजानं कळलं. ओढाओढीत ती नवी होती आणि पलीकडचा नव्हता. तिला एकच गोष्ट येत होती. तिनं दोरी सैल सोडली, त्यांच्या मागून वळसा घेतला, दोरी उजव्या हातात घेतली आणि कठडा व ते यांच्या मधल्या जागेत खांदा घातला.

जागा रिकामी नव्हती. गार होती, बोगद्याच्या तोंडासारखी. आणि भरल्या बसमध्ये कुणीतरी अंग चोरून थोडं सरकावं तसं तिथलं काहीतरी तिला जागा देत पलीकडे सरकलं.

"पाण्याकडे मी आहे," फुसाए म्हणाली.

"बरं," कुराता-सान म्हणाले. त्यांच्या मनगटावरचं कडं निसटलं, डावा हात खाली पडला आणि मोकळा हलू लागला.

पायऱ्या आल्या. ती फटीकडे न बघता सरळ समोर बघत होती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून कालव्याचं पाणी दिसत होतंच. त्या पाण्यात उलटे कुराता-सान होते, उलटी ती होती. तिच्या डाव्या मुठीत लाल दोरी होती. दोरी तिच्या पलीकडे आडवी गेली होती, आणि जिथे तिचं दुसरं टोक असायला हवं होतं तिथे कठड्याचा खांब मध्ये आला. पायऱ्या संपल्या.

"पायऱ्या गेल्या," तिनं सांगितलं.

६

सरोवराच्या कडेनं ती धावत राहिली. धुक्यातून मासेमारीच्या एका होडीचं इंजिन ऐकू येत होतं. खांब आला तेव्हा तिनं पाऊल मागे ठेवलं आणि त्यांना तो आधी शिवू दिला.

"आणलात का माझा माणूस?" मिचियोनं विचारलं. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि पुढचा विनोद केला नाही. त्याच्या मनगटावर लाल वळ उठला होता. तिनं तो रुमालानं झाकला, जणू दुसऱ्या कुणाला दिसू नये.

कुराता-सान बाकावर बसले. मग म्हणाले, "वहिनी, उद्यापासून आपण शाळेच्या मैदानावर धावू. गोल गोल. कंटाळा येईल, पण असू दे."

"तुम्ही धावा तिथे. अंध धावणाऱ्यांच्या क्लबात दुसरा सोबती मिळेल."

"आणि तुम्ही?"

"माझा खांदा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे तोंड केलं. न दिसणाऱ्या डोळ्यांनी कुणी इतकं रोखून पाहू शकतं हे तिला माहीत नव्हतं. "तो सेइगो नाही हो," ते हळूच म्हणाले. "मी धरला होता त्याचा हात. इतकी वर्षं. माझं ऐका."

"माहितीये मला."

"मग शपथ घ्या."

"मिचियो-सान, यांना घरी न्या. घाम सुकतोय," फुसाए म्हणाली.

मिचियोनं चहाचा कप पुढे केला. फुसाएनं तो उजव्या हातात घेतला. "दोन्ही हातांनी धरा ना, ऊब लागेल," मिचियो म्हणाली. "डाव्या हातात काय आहे?"

"काही नाही."

गाडी गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत मागच्या काचेतून कुराता-सानचं तोंड तिच्याकडे वळलेलं दिसत होतं. मग तेही गेलं.

ती धक्क्यावर उभी राहिली. डावी मूठ तिनं अजून उघडली नव्हती आणि तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पायऱ्यांपासून इथवर त्या मुठीला कुणी ओढलं नव्हतं. कुणीतरी नुसतं सोबत धावलं होतं, हलकं, तिच्या चालीशी जुळवून, एक ठोका वेळेवर, दुसरा किंचित उशिरा. दोन वर्षं ती ज्या पावलासाठी जिन्याकडे कान लावून झोपली होती, ते पाऊल अख्ख्या सरोवराकाठी तिच्या हातात होतं.

सुरुवातीला कुराता-साननाही कुणी ओढलं नव्हतं. हे ती विसरली नव्हती. तिचं डोकं ठिकाणावर होतं.

घरी भात लावायचा होता. देव्हाऱ्यात कालचा चहा तसाच असेल. तिनं कप बाकावर ठेवला आणि सरोवराकडे, कालव्याच्या दिशेनं तोंड केलं. जाताना पाणी उजवीकडे येतं. तिनं जागच्या जागी वळसा घेतला, मुठीत होतं ते या हातातून त्या हातात घेतलं. उजवा खांदा जरासुद्धा दुखला नाही.

"पाण्याकडे तू राहा," ती म्हणाली आणि "बरं" ऐकू येईल म्हणून थांबली.

काही ऐकू आलं नाही. उजव्या मुठीला पुढच्या दिशेनं हलकासा हिसका बसला.

सेइगोनं कधी ओढलं नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. ती निघाली.